मुलाखतींच्या फेऱ्या संपता संपत नाहीत : ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमचे अनुभव सांगा

ऐरोलीकर
सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र. आज डोकं फिरलंय म्हणून धागा काढतोय.

मी अकाउंट्समध्ये आहे, पेयेबल्सची (पुरवठादारांची देणी) टीम सांभाळतो, ऑफिस महापे एमआयडीसीत. काम बरं आहे, पण पगार आहे तिथेच रुतलाय, म्हणून बाहेर बघायला सुरुवात केली. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या कंपनीत जागा निघाली. 'अर्जंट रिक्वायरमेंट, इमीजिएट जॉइनर प्रेफर्ड.'

आधी कन्सल्टन्सीतल्या मुलीचा फोन. सीटीसी (वर्षाचं एकूण पॅकेज) किती, अपेक्षा किती, नोटीस पिरियड किती, निगोशिएबल आहे का. मग ऑनलाइन टेस्ट. कॅमेरा चालू, माइक चालू, स्क्रीनवरून नजर हलवायची नाही. आमचं वन बीएचके. मी बेडरूमचं दार लावून बसलो आणि बाहेर आईने कुकर लावला. शिट्टी झाली तशी स्क्रीनवर लाल पट्टी आली : 'आसपास दुसऱ्या व्यक्तीचा आवाज आढळला आहे. याची नोंद परीक्षकाकडे पाठवली जाईल.' त्यानंतर जीएसटीतल्या रिव्हर्स चार्जवरचा प्रश्न मी काय वाचला आणि कुठे टिचकी मारली, देव जाणे. पास झालो ती गोष्ट वेगळी.

मग मॅनेजर. मग मॅनेजरचा मॅनेजर. मग फायनान्स बिझनेस पार्टनर नावाच्या एक बाई. मग एचआरची 'कल्चर फिट' राउंड. प्रत्येकाची सुरुवात 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'ने. आधीच्याने काही लिहून ठेवलंय आणि पुढच्याने ते वाचलंय, असा संशयसुद्धा येऊ नये इतकं सगळं पहिल्यापासून. व्हेंडर रिकन्सिलिएशन कसं करतो हे मी त्यांना इतक्यांदा सांगितलंय की आता त्यांच्यातला कोणीही ते करू शकेल, मला घ्यायची गरज नाही.

मग प्रत्यक्ष बोलावलं. 'फेस टू फेस मस्ट आहे सर.' ऑफिसात दाढेचं कारण सांगून हाफ डे टाकला. (ऑफिसच्या हिशेबाने माझ्या तोंडात आता एकही दाढ नसावी.) ऐरोलीहून ट्रान्स हार्बरने ठाणे, तिथून घोडबंदरची बस, कापूरबावडीला नेहमीचं ट्रॅफिक. गेटवर सिक्युरिटीने मोबाइलच्या पुढच्या-मागच्या कॅमेऱ्यांवर स्टिकर चिकटवले, गळ्यात व्हिजिटरचा पट्टा अडकवला. रिसेप्शनवर बराच वेळ ताटकळल्यावर एका काचेच्या खोलीत नेलं, टेबलावर लॅपटॉप उघडून दिला, आणि एचआर म्हणाली, "सर बंगळुरूहून जॉइन होतायत."

म्हणजे मी घोडबंदरला जाऊन व्हिडिओ कॉल केला! तो माझ्या घरूनही झाला असता, कुकरसकट.

शेवटी मी त्या साहेबांना विचारलं की यानंतर अजून कोणाशी बोलायचंय का, फायनल कोण करणार. साहेब हसले. "इट्स अ कलेक्टिव्ह डिसिजन."

मग सॅलरी स्लिपा, फॉर्म १६, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. आणि मग चिडीचूप. फोन उचलेनात, व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिका. खूप मागे लागल्यावर एका ओळीची मेल : पोझिशन होल्डवर आहे. आणि गेल्या आठवड्यात दुसऱ्याच कन्सल्टन्सीचा फोन. "सर, घोडबंदर रोडला एक एक्सलंट ऑपॉर्च्युनिटी आहे." जेडी (कामाचं वर्णन) उघडली. तीच. स्पेलिंगच्या चुकीसकट.

नकाराचं मला काही वाटत नाही. इतकी माणसं माझ्याशी बोलली आणि त्यातल्या एकालाही 'हा घ्या' किंवा 'हा नको' म्हणायची ताकद नव्हती, याचा राग आहे. माझं मत आता पक्कं झालंय : जिथे फेऱ्या फार, तिथे निर्णय घ्यायला कोणी तयार नाही. कसून पारख वगैरे सगळं सांगायला. पटत नसेल तर भांडा, पण अनुभव लिहा.

दहा_नंबर_फलाट
सोमवार, रात्री ११:१०

आता कोणीतरी येऊन कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाची उपमा देणार. त्याआधीच सांगतो, तिथे निदान पोहे मिळतात.

रच्याकने (बाय द वे), ती जेडी मलाही आलीये. 'अटेन्शन टू डिटेल'चं स्पेलिंग चुकलंय, तीच ना?

ऐरोलीकर
सोमवार, रात्री ११:१४

तीच. जाऊ नकोस. किंवा जा, आणि त्या काचेच्या खोलीतला एसी बंद करायला सांग.

टीटीसी_काका
मंगळवार, सकाळी ६:४०

माझी सगळी नोकरी टीटीसी औद्योगिक पट्ट्यात गेली, रबाळे ते पावणे. केमिकल प्लांट. मला कामावर घेतलं तेव्हा वर्क्स मॅनेजरने व्हॉल्व्हचं एक ड्रॉइंग पुढे टाकलं, "यात चुकलंय काय ते सांग" म्हणाला. सांगितलं. "सोमवारी मेडिकल करून ये." संपलं. त्याच्या वर विचारायला कोणी नव्हतं आणि त्याला विचारायची गरजही नव्हती. मी नालायक निघालो असतो तर बोलणी त्यालाच बसली असती, हे त्याला ठाऊक होतं.

पण 'आमच्या वेळी कसं छान होतं' असं मी म्हणणार नाही. त्या मॅनेजरपर्यंत पोचायला गेटवर कोणाची तरी चिठ्ठी लागायची. ज्याचा मामा युनियनमध्ये त्याचा भाचा आत. माझ्याबरोबर आलेली दोन हुशार पोरं गेटवरूनच परत गेली, कारण त्यांना कोणी मामा नव्हता. या टेस्टा आणि पॅनेलं आली त्यात हे वशिल्याचं दार बंद करायचाही हेतू होता, एवढं लक्षात घ्या.

दहा_नंबर_फलाट
मंगळवार, सकाळी ८:०५

काका, दंडवत. पण मामा गेला नाही, त्याला आता एम्प्लॉयी रेफरल म्हणतात आणि त्याला बोनसही मिळतो.

मास्तरीण
मंगळवार, सकाळी ८:३१ (लोकलमधून)

शाळांचंही लिहिते, नाहीतर हा धागा फक्त कॉर्पोरेटवाल्यांचा होईल.

खारघर-पनवेल भागातल्या इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळांत मी गेलं वर्षभर प्रयत्न करतेय. बी.एड. आहे, अनुभव आहे, विषय गणित. आधी लेखी परीक्षा, मग डेमो लेसन. डेमोबद्दल माझी तक्रार नाही, शिकवायला येतं का ते शिकवूनच कळणार. पण एका शाळेने डेमोनंतर 'पूर्ण दिवस ऑब्झर्वेशन' म्हणून बोलावलं. गेले तर हातात टाइमटेबल. नववीचे दोन तास, सातवीचे दोन, एक प्रॉक्सी, आणि मधल्या सुट्टीत जिन्यावर ड्यूटी. त्यांची गणिताची बाई रजेवर होती, हे मला शिपाईमावशींनी सांगितलं. प्रिन्सिपॉल मॅडम दिवसभर वर्गाच्या दारातसुद्धा आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी निरोप : आता ट्रस्टींबरोबर राउंड.

आणि पगार? तो सगळ्यात शेवटी. विचारला की, "मॅम, वी आर लुकिंग फॉर पॅशन."

अनुदानित शाळांचा रस्ता वेगळा. तिथे टेट परीक्षा (शिक्षक भरतीची टीएआयटी, पात्रतेची टीईटी नव्हे) आणि सरकारचं पवित्र भरती पोर्टल. त्यातही संस्थांच्या जागा 'मुलाखतीसह' आणि 'मुलाखतीशिवाय' अशा दोन प्रकारच्या. माझ्या मैत्रिणी आधी 'मुलाखतीशिवाय'चीच यादी बघतात. का, ते ज्याला कळायचं त्याला कळेल.

एचआरवाली
मंगळवार, दुपारी १:४८

मी ऐरोलीतच एका आयटी पार्कात टॅलेंट अ‍ॅक्विझिशनला आहे. कंपनी विचारू नका. शिव्या खायच्या तयारीने लिहितेय, डबा खाऊन झालाय.

पलीकडून काय दिसतं ते सांगते. आयटी आणि बॅक ऑफिसमधला नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड हे निम्म्या दुखण्याचं मूळ आहे. आज ऑफर दिली तर माणूस तीन महिन्यांनी येणार. त्या तीन महिन्यांत तो आमची ऑफर दाखवून दुसरी घेतो, दुसरी दाखवून तिसरी. जॉइनिंगच्या दिवशी सकाळी लॅपटॉप तयार, आयडी कार्ड छापलेलं, बाँड पेपरवर सही घ्यायला मी बसलेली, आणि साहेबांचा फोन स्विच्ड ऑफ. हे अधूनमधून होत नाही, सारखं होतं. म्हणून मॅनेजर एका जागेसाठी दोघा-तिघांना हाताशी ठेवायला सांगतो. पहिल्याने ऑफर स्वीकारली तरी दुसऱ्याला नाही म्हणायचं नाही. पहिला येऊन खुर्चीत बसेपर्यंत त्याचा काही भरवसा नसतो.

ऐरोलीकर, तुमच्या वाट्याला आलेली ती चिडीचूप मला तरी हीच वाटते. तुम्ही दोन नंबरला होतात. अशा वेळी एखादी जास्तीची राउंडसुद्धा लावतात, उमेदवार रेंगाळत राहावा म्हणून. आमच्याकडे मी स्वतः लावलेल्या नाहीत, पण लावलेल्या पाहिल्यात.

दुसरं, पैशाचं. जागा काढायला रिक्विझिशन (माणूस हवा असा मागणी अर्ज) लागतं, त्यावर फायनान्सची मंजुरी. कोणी सोडून गेलं म्हणून भरायची जागा असेल तर सोपं जातं. नवीन जागा असेल तर ती बजेटात बसायला हवी. मॅनेजर काय करतात, मंजुरी यायच्या आधीच मुलाखती सुरू करतात, म्हणजे मंजुरी आली की माणूस तयार. जानेवारी ते मार्च हा प्रकार फार. एप्रिलमध्ये नवीन बजेट उघडतं, जागा कापलेली असते, आणि 'होल्ड'ची मेल टाकायला मी.

आणि कन्सल्टन्सीतल्या त्या मुलीबद्दल. तिच्या कंपनीला पैसे मिळतात ते माणूस जॉइन झाल्यावरच. बऱ्याच ठिकाणी दर वर्षाच्या सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. तो माणूस ठरलेल्या मुदतीत पळाला तर बदली माणूस फुकट द्यायचा. एकच जागा चार-पाच कन्सल्टन्सींना दिलेली असते. ज्याने सीव्ही आधी टाकला, त्याचा उमेदवार. म्हणून तुम्हाला दिवसाला तीन फोन येतात, आणि काम होणार नाही असं दिसलं की एकही येत नाही. तिला महिन्याचं टार्गेट असतं, आणि बहुतेक वेळा तिलाही आतलं काही सांगितलेलं नसतं.

राहता राहिल्या फेऱ्या. त्या एचआर वाढवत नाही हो. शप्पथ. मी दोन राउंडचं शेड्यूल पाठवते आणि मॅनेजर परत पाठवतो, 'प्लीज अ‍ॅड फलाणा-ढमका ऑल्सो'.

ऐरोलीकर
मंगळवार, दुपारी २:३०

ताई, मोकळेपणाने लिहिलंत, आभार. नव्वद दिवसांचं मान्य. पण तो नियम उमेदवारांनी केलेला नाही, कंपन्यांनीच केलाय ना? स्वतःचा माणूस लवकर सोडायचा नाही, आणि दुसऱ्याचा मात्र इमीजिएट जॉइनर पाहिजे.

आणि 'तुम्ही दोन नंबरला आहात, पहिल्याचं बघून कळवतो' एवढं सांगायला काय जातं? मी थांबलो असतो.

एचआरवाली
मंगळवार, दुपारी २:४१

पहिल्या मुद्द्याला उत्तर नाही माझ्याकडे. माझाही नोटीस पिरियड नव्वद दिवसांचाच आहे :)

दुसऱ्याचं : लेखी दिलं की त्याचा स्क्रीनशॉट लिंक्डइनवर जातो, म्हणून लेखी काही द्यायचं नाही असा आम्हाला आदेश आहे. फोनवर मी सांगते. सगळ्या सांगत नाहीत.

खाडीपलीकडचा
मंगळवार, रात्री ९:२०

मी मुलुंडला राहतो, पूल ओलांडून ऐरोलीला नोकरीला येतो, सॉफ्टवेअर. गेली काही वर्षं टेबलाच्या पलीकडेही बसतोय, पॅनेलवर. धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्याशी शब्दाशब्दाने सहमत, आणि त्याला आतून पुरावा देतो.

आमच्याकडे मुलाखतीनंतर फॉर्म भरायचा असतो : स्ट्राँग यस, यस, नो, स्ट्राँग नो. मी 'नो' लिहिलं तर मला आयुष्यात कोणी विचारणार नाही, कारण ज्याला घेतलं नाही तो चांगला होता की वाईट हे कधी कळतच नाही. 'यस' लिहिलं आणि पोरगा सहा महिन्यांत कच्चा निघाला, तर मीटिंगमध्ये पहिला प्रश्न, 'हू इंटरव्ह्यूड हिम?' त्यामुळे शहाणा माणूस तिसरा मार्ग काढतो : 'गुड कँडिडेट, सजेस्ट वन मोर राउंड.' पाचही जणांनी असं केलं की पाच राउंड. जबाबदारी पाच ठिकाणी वाटली गेली, कोणाच्याच अंगावर आली नाही.

हे फक्त माझं रडगाणं नाही. गूगलमध्ये एके काळी एकेका उमेदवाराच्या डझनभर मुलाखती व्हायच्या. त्यांनी आपलाच जुना डेटा काढून तपासला तेव्हा दिसलं की चार मुलाखतींतच ८६ टक्के खात्रीने निर्णय सांगता येतो. पुढच्या प्रत्येक मुलाखतीने त्यात नावापुरती भर पडते. त्यावरून त्यांनी चारचा नियम केला. आपल्याकडच्या कंपन्यांनी गूगलचे बीनबॅग उचलले, टेबल टेनिसचं टेबल उचललं, हा नियम तेवढा राहिला.

दुसरं असं की मुलाखत कशी घेता यावर बरंच अवलंबून आहे. श्मिट आणि हंटर या दोघांचा १९९८ चा आढावा या विषयात फार उद्धृत होतो. सगळ्यांना तेच ठरवलेले प्रश्न आणि ठरवलेली गुणपद्धत असलेली मुलाखत ही गप्पाटप्पांच्या मुलाखतीपेक्षा माणूस पुढे कसं काम करेल याचा बराच चांगला अंदाज देते, हे त्यात होतं. २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सगळे आकडे पुन्हा तपासले. बरेच आकडे खाली आले, पण ठरवलेल्या प्रश्नांची मुलाखत पहिल्या नंबरावर राहिली. आणि आम्ही काय करतो? पाच जण, पाच वेळा, मनाला येईल ते विचारतो. एकाने तर उमेदवाराला 'ठाण्यात राहून लोकलने येणार की कारने' यावर दहा मिनिटं छळला.

घोडबंदर_त्रस्त
मंगळवार, रात्री १०:०२

मी थोडा विरुद्ध बोलणार. माझं वागळे इस्टेटला छोटं युनिट आहे, लेबल प्रिंटिंगचं, मोजकी माणसं. मोठ्या कंपनीत एक माणूस चुकीचा आला तर चालून जातं, माझ्याकडे एक ऑपरेटर चुकला की मशीन बंद आणि कागदाचा रोल वाया. मी पण दोनदा बोलावतो. एकदा बोलायला, एकदा मशीनवर. दुसऱ्या दिवसाची हजेरी देतो रोख, चहा-जेवणासकट. नंतर त्याच संध्याकाळी हो किंवा नाही.

तेव्हा वेळ घेण्याला सरसकट नावं ठेवू नका.

ऐरोलीकर
मंगळवार, रात्री १०:१५

साहेब, तुम्ही तर माझीच बाजू मांडलीत. मशीनवर बघता, पैसे देता, आणि संध्याकाळी स्वतः सांगता. अकाउंट्सला जागा आहे का तुमच्याकडे?

घोडबंदर_त्रस्त
मंगळवार, रात्री १०:१९

बायको बघते. तिच्यासाठी मुलाखत तिच्या वडिलांनी माझी घेतली होती :)

रेघोट्या
बुधवार, रात्री १२:३७

रोजचे पैसे देणारा माणूस! मला तर गहिवरून आलं.

मी यूआय डिझायनर. आमच्यात 'असाइनमेंट' नावाचा रोग आहे. पोर्टफोलिओ बघितलाय, आवडलाय, तरी 'एक छोटी असाइनमेंट'. बेलापूरच्या एका एजन्सीने एका पतसंस्थेच्या अ‍ॅपचे आठ स्क्रीन मागितले, शनिवार-रविवार धरून. मी लॉगिनपासून हप्ता भरल्याच्या पावतीपर्यंत सगळं काढून दिलं, मराठी आकड्यांसकट, म्हातारी माणसं वापरणार म्हणून अक्षरं मोठी केली. उत्तर आलं : 'वी हॅव मूव्हड अहेड विथ अनदर प्रोफाइल.' काही महिन्यांनी आमच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या मोबाइलवर ते अ‍ॅप दिसलं. रंग बदलले होते. पावतीच्या कोपऱ्यात मी गंमत म्हणून काढलेलं छोटं शिक्क्याचं चित्र तसंच होतं.

काकू म्हणाल्या, "छान आहे गं हे, अक्षरं मोठी आहेत."

त्यानंतर माझे नियम : फाइल कधीच द्यायची नाही, स्क्रीन शेअर करून दाखवायचं. प्रत्येक स्क्रीनवर आडवं नाव. आणि खऱ्या क्लायंटचं काम मागितलं तर दर सांगायचा. दर ऐकून जे गप्प होतात, त्यांना डिझायनर नकोच असतो.

नेरुळ_वकील
बुधवार, सकाळी १०:५५

कायद्याचं थोडं. इथे कोणीतरी विचारणारच होतं.

मुलाखती किती घ्याव्यात, उत्तर किती दिवसांत द्यावं, यावर खाजगी कंपन्यांना बांधणारा कायदा आपल्याकडे नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे, पण ते नोकरीवर घेतल्यावर. त्याआधीच्या फेऱ्यांना त्या शिवतही नाहीत.

ऑफर आली आणि तुम्ही ती लेखी स्वीकारलीत की मात्र चित्र बदलतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे तुमचा स्वीकार रवाना होईस्तोवर प्रस्ताव मागे घेता येतो, नंतर करार उभा राहतो. म्हणून ऑफर मान्य असेल तर फोनवर 'हो हो' करू नका, मेलने स्वीकारा, आणि ती मेल जाईपर्यंत हातातल्या नोकरीचा राजीनामा टाकू नका. ऑफर मोडली तर कोर्टात नोकरी मिळत नाही, फार तर नुकसानभरपाईचा दावा. ऑफर लेटरमधल्या बारीक अटी (बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, मॅनेजमेंटची मर्जी वगैरे) त्या दाव्याची हवा काढायलाच घातलेल्या असतात, त्या वाचा.

आणि ऐरोलीकर, बँक स्टेटमेंट सगळं कशाला दिलंत? पगार जमा झाल्याच्या ओळी ठेवा, बाकीच्या झाका. तुम्ही कुठल्या डॉक्टरकडे जाता आणि भिशी किती भरता याच्याशी त्यांना काय करायचंय. आधारची झाकलेली प्रत यूआयडीएआयच्या साइटवरून मिळते, शेवटचे चारच आकडे दिसतात, तीच द्या. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ ला झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. तोवर आपली झाकपाक आपण करायची.

नोकरीसाठी कोणी पैसे मागितले, 'लॅपटॉपचं डिपॉझिट', 'ट्रेनिंग फी', काहीही, तर ती मुलाखतच नव्हे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन.

मिसिसागाकर
बुधवार, संध्याकाळी ७:०८ (आमच्याकडे सकाळ)

मूळचा कळव्याचा, आता कॅनडात. इथेही हेच रडगाणं होतं आणि आहे. पण आमच्या ऑन्टारियो प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून नियम आलाय : पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने जाहिरात देऊन मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांत उमेदवाराला निर्णय झालाय की नाही ते कळवायचं. जाहिरातीत पगाराची रेंज द्यायची, आणि ही जागा आत्ता खरोखर रिकामी आहे की नाही तेही लिहायचं.

एचआरवाली ताई म्हणतात ती मंजुरीआधीची मुलाखत या शेवटच्या अटीत अडकेल.

दहा_नंबर_फलाट
बुधवार, संध्याकाळी ७:२५

४५ दिवस? आमच्याकडे ४५ दिवसांत 'सरांचं कॅलेंडर' सापडत नाही.

बेलापूर_अभ्यासिका
बुधवार, रात्री ८:५०

स्पर्धा परीक्षावाला मध्येच कडमडतोय.

तुम्ही मुलाखती कमी करा म्हणताय. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. वशिल्याला जागा नको म्हणून. ते चांगलंच झालं, काकांचा मामा तिथे तरी गेला. पण भरती त्याने लवकर होते असं समजू नका. जाहिरात, अर्ज, परीक्षा, उत्तरतालिका, हरकती, सुधारित उत्तरतालिका, निकाल, कागदपत्रं तपासणी, मग कोणीतरी कोर्टात.

एमपीएससीचं ऑफिस बेलापूरला, माझ्या अभ्यासिकेपासून चालत. राज्यसेवेत पूर्व, मुख्य, मुलाखत अशा तीनच पायऱ्या, पण त्यात पोरांची तिशी येते. फरक एवढाच की गुण छापून येतात. आपण कितीने राहिलो ते कळतं. तुमच्या धाग्यातल्या एकालाही तेवढं कळलेलं दिसत नाही.

ऐरोलीकर
बुधवार, रात्री ९:३०

हे नेमकं बोललात. मी कुठे राहिलो हे मला आजही माहीत नाही. रिव्हर्स चार्जवर राहिलो, कुकरवर राहिलो, की राहिलोच नाही.

एचआरवाली ताई, एक सांगा. पहिल्याच फोनवर उमेदवाराने काय विचारलं तर पुढचा मनस्ताप वाचेल?

एचआरवाली
बुधवार, रात्री १०:०५

'रिक्विझिशन अप्रूव्ह झालंय का' हा पहिला. सरळ याच शब्दांत विचारा, समोरची दचकते, कारण उमेदवाराला हा शब्द माहीत नसतो असं आम्ही धरून चालतो. मग, कोणाच्या जागी घेताय की नवीन जागा आहे. कोणाच्या जागी असेल तर तो माणूस कधी जातोय तेही विचारा; त्याची शेवटची तारीख जवळ असेल तर मॅनेजरला घाई असते आणि फेऱ्या आपोआप कमी होतात. फायनल सही कोणाची, आणि त्या व्यक्तीशी माझं बोलणं कितव्या राउंडला, हे विचारा. ती व्यक्ती शेवटी असेल तर 'आधी त्यांच्याशीच दहा मिनिटं करून द्या' असं म्हणून बघा. दहातल्या नऊ वेळा होणार नाही, पण उत्तरावरून घराची कळा कळते.

पगाराची रेंज पहिल्याच फोनवर. त्यांनी तुमचा आकडा मागायच्या आधी तुम्ही त्यांचा मागा.

प्रत्यक्ष बोलावलं तर समोर कोण बसणार, नाव आणि शहर :)

मास्तरीण
गुरुवार, सकाळी ८:२८

ही वाखु (वाचनखूण) साठवली. ताई, माझ्यासाठी एक मेल लिहून द्या ना. त्या ट्रस्टींच्या राउंडला दोनदा तारीख देऊन दोनदा पुढे ढकललीये. नाही म्हणायचं नाहीये, शाळा घराजवळ आहे. पण असं लटकत नाही राहायचं.

एचआरवाली
गुरुवार, दुपारी १:१५

लांबलचक नको. असं टाका :

'आदरणीय मॅडम, आपल्या शाळेतील गणित शिक्षिका पदासाठी माझी लेखी परीक्षा, डेमो आणि एक पूर्ण दिवस अध्यापन झाले आहे. विश्वस्तांबरोबरची भेट पुढील शुक्रवारपर्यंत निश्चित करून, पदाचा मासिक पगार त्याआधी लेखी कळवावा ही विनंती. त्यानंतर मला दुसरीकडे होकार द्यावा लागेल.'

मास्तरीण
गुरुवार, दुपारी १:२२

दुसरीकडे कुठे? दुसरीकडे काही नाहीये.

नेरुळ_वकील
गुरुवार, दुपारी १:२६

मग शेवटचं वाक्य 'त्यानंतर मी इतर पर्यायांचा विचार करेन' असं करा. खरंही आहे आणि पकडताही येणार नाही. 'अध्यापन'च्या आधी 'विनामोबदला' घाला.

मास्तरीण
गुरुवार, संध्याकाळी ६:४४

पाठवली, विनामोबदलासकट. लगेच उत्तर आलं : 'ट्रस्टी पुढच्या आठवड्यात बाहेरगावी आहेत, कृपया थोडं थांबावं.' पगाराबद्दल अक्षर नाही.

दहा_नंबर_फलाट
गुरुवार, संध्याकाळी ६:५०

म्हणजे नाही.

एचआरवाली
गुरुवार, संध्याकाळी ७:०२

नाही असतं तर उत्तरच आलं नसतं. त्यांची पहिली अजून जॉइन झालेली नाही. आत्ता फोन करा आणि पगार विचारा, आत्ता सांगतील.

मास्तरीण
गुरुवार, संध्याकाळी ७:३५

सांगितला. सध्याच्यापेक्षा कमी आहे. उद्यापासून 'मुलाखतीशिवाय'ची यादी.